काही लागत नाही अशी झाडं

२३ नोव्हें., रवि.

आईचा फोन. शेवटी कबूल झाली. डिसेंबरच्या मध्यावर येतेय, पंधरा दिवसांसाठी.

पप्पा गेल्यापासून ती सटाण्याच्या घरात एकटी आहे. काका-काकू शेजारच्याच घरात राहतात, पण शेजार म्हणजे सोबत नव्हे. जेवलीस का विचारलं की "जेवनू" म्हणते, काय जेवली ते सांगत नाही. ती माझ्याशी अहिराणीतच बोलते, मी मराठीत उत्तर देते. हॉस्टेलला गेले तेव्हापासून असंच चालू आहे, आता दोघींना खटकत नाही.

कबूल होण्याआधी तिचा नेहमीचा प्रश्न आलाच: "तठे ईसन मी काय करू?" मी म्हटलं, इथे येऊन काहीच करायचं नाही, नुसता आराम करायचा. त्यावर ती गप्प झाली. पटलं असावं.

इथे लिहून ठेवते, कारण बोलून दाखवणं मला जमणार नाही: पंधरा दिवसांनी तिने परत जाऊ नये.

व्हिडिओवर फ्लॅट दाखवला. नाशिक, पाथर्डी फाटा, चौथा मजला, सगळ्या भिंती पांढऱ्या. ती म्हणाली, "घर कोरं शे अजून." खरं आहे. एक हिरवं पान नाही. तिच्याकडे दारात पारिजातक, मागे कढीपत्ता, जास्वंद, आणि सकाळी चहाच्या आधी ती सगळ्यांची आळी बघून येते.

ठरलं. झाडं.

माझा आजवरचा इतिहास: हॉस्टेलमध्ये एक तुळस, एक पुदिना आणि एक निवडुंग मारला. निवडुंग मारायला खास प्रयत्न लागतात. त्यामुळे या वेळी नीट निवडून.

२५ नोव्हें., मंगळ.

साहेबांना विचारून लॅबमधला उजेड मोजायचा लक्समीटर घरी आणला. आमची मोजमापाची लॅब, अंबडला. साळवे माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि जगात कुणाचंच काम त्याला पटत नाही. म्हणाला, "लोक झाडं घेतात मॅडम, तुम्ही इन्स्पेक्शन लावताय."

लावतेय. आणि फार मजा येतेय.

गॅलरीच्या दाराशी काटा उड्या मारतो. तिथून चार पावलं आत, सोफ्यापाशी, जेमतेम दीडशे लक्स. डोळ्याला दोन्ही जागी 'छान उजेड' दिसतो. डोळा सांभाळून घेतो, झाड सांभाळून घेत नाही. हॉस्टेलचा निवडुंग मी खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवला होता, वर रोज पाणी. आज कळलं तो कशाने गेला.

आईची खोली पूर्वेची. सकाळी कोवळं ऊन, नंतर दिवसभर स्वच्छ सावली. घरातली सगळ्यांत चांगली जागा तिचीच निघाली. मी ठरवून दिली नव्हती. आता ठरवून दिली असं सांगेन.

अटी: आठवडाभर पाणी मिळालं नाही तरी जगलं पाहिजे (माझ्या शिफ्ट). त्यासाठी आईला वाकावं लागू नये (तिचे गुडघे). दिसायला देखणं हवं. ही शेवटची अट मोजता येत नाही, तरी काढत नाही.

कारखान्यात गेज लावलं की दोनच उत्तरं येतात, गो किंवा नो-गो. मधलं काही नसतं. झाडांनाही तेच लावणार.

२९ नोव्हें., शनि.

नर्सरी! गंगापूर रोडच्या पुढची. दीड तास सहज गेला आणि मला बाहेर पडावंसं वाटेना. हिरव्या जाळीखालचा तो ओला, गार वास.

मालकाचं एकच वाक्य: "ह्याला काही लागत नाही मॅडम." प्रत्येक झाडापुढे तेच. कॅलेथिया म्हणून एक होतं, पानावर कुणी ब्रशने पट्टे ओढावेत इतकं सुंदर. पण कडा करपलेल्या. हे काय, विचारलं. म्हणाला, "ती डिझाईन आहे." नो-गो.

पीस लिली माना टाकून बसली होती. तो म्हणाला, तहान लागली की सांगते बिचारी, पाणी पाजलं की उठते. तक्रार करणारं झाड नकोच. नो-गो.

गो:

झेड झेड. जाड देठ, पानं मेणासारखी चकाकणारी. मुळाशी बटाट्यासारख्या गाठी असतात, पाणी त्यात साठवतं. विसरलेलं त्याला आवडतं. सोफ्याशेजारच्या काळोख्या कोपऱ्यासाठी.

स्नेक प्लांट, दोन. ताठ. कडेला पिवळी किनार, पैठणीच्या काठाची आठवण यावी अशी.

ॲग्लोनिमा, गुलाबी कडांचं. हे मी देखणेपणासाठी घेतलं, कारण दुसरं नाही. आईच्या खोलीत.

स्पायडर प्लांट. वर टांगायचं. पिल्लं सोडतं म्हणे, लोंबती.

जेड, गॅलरीच्या दाराशी, भरपूर उजेडात.

मनी प्लांटही उचलला होता. शेजारी एक बाई कुंड्या बघत होत्या, त्या म्हणाल्या, "विकत घेताय? विकतचा लागत नाही हो. तो चोरूनच आणायचा असतो." मालक म्हणाला, "ताई, धंदा बसवता का माझा?" मी परत ठेवला. अंधश्रद्धेपायी नव्हे. पिशवीत जागा नव्हती.

रिक्षात झेड झेड मांडीवर. सिग्नलला शेजारच्या रिक्षातलं लहान मूल त्याच्याकडे बघून हसलं. मीही हसले बहुतेक.

३० नोव्हें., रवि.

नर्सरीवाल्याने पांढऱ्या चिनी मातीच्या कुंड्या दिल्या, देखण्या, पण खाली भोकच नाही. म्हणे, पाणी सांडत नाही मॅडम, फरशी स्वच्छ. फरशी स्वच्छ राहील आणि मुळं कुजतील. फरशीला भोक पाडायचा बिट ड्रिलला लावला, वरून पाण्याची धार, दाब न देता हळू. पाचही कुंड्या, एकही तडा नाही. साळवेला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. त्याच्याकडून हे पदक समजायचं.

मग लावणी. स्पायडर त्याच्याच टांगत्या कुंडीत, पडद्याच्या दांडीजवळच्या हुकला. झेड झेड कोपऱ्यात ठेवला आणि तो कोपरा, कसं लिहू, तो कोपरा जागा झाला. एवढे महिने तिथे नुसती भिंत संपत होती.

चहा घेऊन हॉलच्या मध्ये उभी राहिले आणि प्रत्येकाकडे वळून वळून बघितलं. वेड्यासारखं. कुणी नव्हतं, चालतं.

६ डिसें., शनि.

पाणी केव्हा द्यायचं ते 'वाटतं' यावर सोडायचं नाही. प्रत्येक कुंडी पाणी दिल्यावर काट्यावर ठेवली, वजन आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं. हलकी झाली की तहान. वजन करायला वेळ नसेल तर पेराएवढं बोट मातीत, कोरडं लागलं तरच पाणी.

स्पायडरने पिल्लू सोडलंय! देठाच्या टोकाला इवलासा पाच पानांचा तुरा. आल्याला आठवडा होतो न होतो तोच. नर्सरीतूनच घेऊन आलं असणार, मला दिसलं नसेल. तरी.

१३ डिसें., शनि.

उद्या आई. सगळ्या झाडांची पानं ओल्या फडक्याने पुसली, तिच्या खोलीतल्या ॲग्लोनिमाची आधी. पोळ्यांच्या मावशींना सांगून ठेवलं. मशीन, गिझर, गॅस, तिला कशाला हात लावावा लागणार नाही. झाडांनाही नाही. सगळी व्यवस्था स्वतःच्या पायावर उभी आहे.

अभिमान वाटतोय. लिहायला हरकत नाही.

१४ डिसें., रवि.

आली. एसटीतून उतरली तेव्हा हातात कांद्याची गोणी, बाजरीचं पीठ, लोणच्याची बरणी. गुडघे दुखतात म्हणणारी बाई.

घरात शिरताच झेड झेडपाशी थांबली. पान चिमटीत धरलं. "हाई खरं शे का प्लास्टिकनं?" मी म्हटलं, खरं. तिने नखाने हळूच दाबून खात्री केली. मग कुंडीतली माती बोटात घेतली, चोळली. कोकोपीट. म्हणाली, "हाई माती शे का भुसा?"

पण ॲग्लोनिमा बघून थांबली. गुलाबी कडेवरून बोट फिरवलं. "लुगडानं काठ," म्हणाली. म्हणजे आवडलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच फ्रीज उघडला.

१७ डिसें., बुध.

कंपनीतून आले तर आई सगळ्या झाडांची पानं पुसत होती. मी शनिवारीच पुसली होती. तसं सांगितलं. फडकं खाली ठेवलं तिने.

सकाळी मावशी पोळ्या करून जातात, तेव्हा ती ओट्याशी उभी राहते. मावशींनी आज मला बाजूला घेऊन विचारलं, आईंना माझं काम पसंत नाही का?

१९ डिसें., शुक्र.

लवकर सुटले. आई हॉलमध्ये, झेड झेडसमोर खुर्ची घेऊन बसलेली. टीव्ही बंद. तिने विचारलं, याला पाणी कधी. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. आणि त्याला? त्यालाही नको इतक्यात. आणि ते खोलीतलं? मी कुंडी उचलून बघितली, म्हटलं, अजून जड आहे.

थोडा वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, रागाने नाही, नुसती चौकशी केल्यासारखी:

"ज्याले काहीच लागस नही, ते लागनं का नही, कसं कळी?"

ज्याला काहीच लागत नाही, ते लागलं की नाही, कसं कळणार.

नवी पानं येतात, देठ ताठ राहतात, हे मला सांगता आलं असतं. तिने ते विचारलं नव्हतं.

आत येऊन २३ नोव्हेंबरचं पान वाचलं. तिचा प्रश्न होता, तिथे येऊन मी काय करू? मी उत्तर दिलं, काहीच नाही. पुढे लिहिलंय, 'पटलं असावं.' खोडत नाही. चूक दिसायला हवी.

घराला तिची गरजच लागू नये असं घर मी तिच्यासाठी तयार केलं. प्रत्येक कुंडीने तिला येताच सांगितलं, तुम्ही पाहुण्या.

२१ डिसें., रवि.

दोष सापडला की दुरुस्ती. सकाळीच नर्सरी गाठली. मालक कोपऱ्यातल्या एका झाडापुढे म्हणाला, ह्याला काही लागत नाही. मी म्हटलं, मला लागणारंच हवंय. तो पहिल्यांदाच गप्प झाला.

पीस लिली आणली. मुद्दाम माना टाकलेली निवडली.

आईने तिला बघितलं, मग मला. "मन्हा करता आजारी झाड लयनी का?"

तिच्यापुढे माझं काही झाकून राहत नाही. तरी पाणी घातलं तिने. दुपारी लिली उठली, एक एक पान, खरोखर दिसेल अशी. मी दोनदा जाऊन बघितली. आई म्हणाली, "उठनी," आणि वर्तमानपत्र उघडलं.

माझी दुरुस्ती एक दुपार टिकली. पुढची तहान लागेपर्यंत पुन्हा तेच.

रविवार ते रविवार. पुढच्या रविवारी ती जाणार.

२३ डिसें., मंगळ.

आई चोर आहे.

क्रमाने लिहिते. ती हल्ली सकाळी खाली ऊन खायला जाते. पार्किंगच्या खांबावर तळमजल्याच्या गायधनी काकूंचा मनी प्लांट चढलाय, हाताच्या पंजाएवढी पानं. आज मी कामावर निघताना ती जिन्यात भेटली, वर येत होती, पदर एका हाताने छातीशी घट्ट. दुखतंय का विचारलं. तिने पदर बाजूला केला. आत हिरवी वेल, तीन पानांची.

मी म्हटलं, विचारून घ्यायची ना. काकूंनी हसत दिली असती.

"इचारं का वाया गयं," म्हणाली. "इकत लयेल लागस नही, मांगेल लागस नही. चोरेल पाहिजे." मुलीला एवढं शिकवून हेही माहीत नाही, असा चेहरा.

या बाईने मला लहानपणी शेजारच्या शेतातली हरभऱ्याची एक गड्डी उपटली म्हणून परत द्यायला पाठवलं होतं. एकटीला. रडत.

संध्याकाळी आले तर ओट्यावर, खिडकीशी, सरबताची जुनी बाटली, पाणी, त्यात वेल. आणि आई इकडून तिकडे जाताना दर वेळी वाकून बघतेय. वाकून. गुडघे विसरून.

२४ डिसें., बुध.

गायधनी काकूंनी गेटवर गाठलं. बँकेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून काउंटरवरचा. म्हणाल्या, "काल कुणीतरी माझी वेल कापली गं." माझा चेहरा मी सांभाळला. त्या छताकडे बघत पुढे म्हणाल्या, "पण कापलीय नीट. डोळ्याच्या बरोबर खाली, तिरकी. माहीतगार चोर आहे. म्हटलं, त्यांना सांगावं, पलीकडच्या खांबावरची जास्त जून आहे."

डोळा म्हणजे देठावरची ती गाठ, जिथून मुळी फुटते. बाटलीत ठेवताना तो पाण्यात बुडला पाहिजे.

काकूंची स्वतःची वेल त्यांनी बँकेतल्या साहेबांच्या केबिनमधून उचललेली. तेही सांगितलं, मोठ्याने, वॉचमन ऐकत असताना.

घरी येऊन आईला निरोप दिला. ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. असं ती पप्पांच्या वेळी हसायची. मला आठवतही नव्हतं की तिचे खालचे दात जरा वाकडे आहेत.

२७ डिसें., शनि.

आई आणि गायधनी काकू रोज सकाळी खाली उन्हात. आज काकूंना तिने कांद्याची गोणी अर्धी करून दिली. मावशींना पोळ्यांचे तीनच दिवस ठरवून दिले, बाकीचे दिवस भाकरी ती टाकणार. मला विचारलं नाही. बरं झालं.

पण उद्या रविवार. तिने पिशवी काढून ठेवलीय.

म्हणणार होते. जेवताना, मग भांडी लावताना, म्हणणार होते. म्हटलं काय, तर उद्या एसटी किती वाजता आहे ते बघू का.

२८ डिसें., रवि.

सकाळी काकांचा आईला फोन, वहिनी, निघालात का? आई बाटलीसमोर उभी. फोन कानाला धरून म्हणाली, "मुळ्या फुटू दे, मंग जासू. आशी अर्धी टाकीसन कशी येऊ?"

पिशवी परत पलंगाखाली गेली.

मी आंघोळीला गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले, तोंडावर हात ठेवून.

३ जाने., शनि.

थंडी कडाक्याची. आई दिवसाआड बाटलीचं पाणी बदलते, पाणी आदल्या रात्री भरून ठेवलेलं, म्हणजे नळाचा वास जातो. माझ्या वजनाच्या पद्धतीलाही तिने मान्यता दिली, पण वाचून नाही. कुंडी उचलते, डोळे मिटते, "हलकी" म्हणते. मी काट्यावर पडताळून बघितलं. दोनदा बरोबर, एकदा साफ चूक. चुकीबद्दल तिने काट्याला दोष दिला.

लिलीने आज मान टाकली. आई म्हणाली, "नाटकी." पण पाणी घातलं.

७ जाने., बुध.

वाचलं. थंडीत मुळ्या उशिरा फुटतात. ऊब मिळाली की लवकर. ओट्यावरची ती खिडकी दुपारी चांगली तापते. बाटली तिथेच आहे.

बाटली उचलून आतल्या बाजूला, गार भिंतीशी ठेवली. आईला सांगितलं, तिथे फोडणीचं तेल उडतं.

उडतं, खरंच. पण कारण ते नव्हे. कारण इथे लिहिलं पाहिजे, कारण ही वही तरी अचूक हवी: मी प्रयोगाची अट मुद्दाम बिघडवली.

१३ जाने., मंगळ.

भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांगं-गाजर-घेवडा-हरभऱ्याची भाजी. गायधनी काकू वर जेवायला. काकूंनी बाटली बघितली, म्हणाल्या, "लागेल. माझ्याकडचंच आहे, निर्लज्ज आहे ते."

आई म्हणाली, यंदा थंडीच जास्त, वेळ लागणार. माझ्याकडे बघितलं नाही.

स्पायडरचं पिल्लू आईने छोट्या कुंडीत उतरवलं, त्याच्या आईपासून न तोडता, नुसतं मातीवर टेकवून. म्हणाली, लागल्यावर तोडायचं. मी वहीत चित्र काढलं त्याचं.

१५ जाने., गुरू.

फुटली.

सकाळी चहाचं आधण ठेवताना दिसली. डोळ्याच्या खाली पांढरं टोक, तांदळाच्या कणीएवढं. दिव्याखाली धरून बघितलं. मुळीच आहे. दुसऱ्या बाजूला अजून एक फुगवटा. कापलेला, पदराखाली आणलेला, नुसत्या पाण्यात ठेवलेला एक देठ, आणि त्याने स्वतःहून हे पांढरं बोट बाहेर काढलं. मला नाचावंसं वाटलं. "आई" अशी हाक तोंडातून गेलीही.

आतून ती म्हणाली, काय?

म्हटलं, गिझर बंद कर.

मग बाटली फिरवली. मुळीची बाजू भिंतीकडे, मोठं पान पुढे.

मी तपासनीस आहे. दिसलेली गोष्ट न नोंदवणं याला आमच्याकडे काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

१७ जाने., शनि.

काकांचा सकाळी फोन. द्राक्षांची औषधं न्यायला त्यांची गाडी उद्या नाशिकला येतेय, परत जाताना वहिनीला घेऊन जातील. आई म्हणाली, "पाहू."

दुपारी दोन तास कंपनीत जावं लागलं. परतले तर बाटली काळ्या कापडात. आईच्या जुन्या ब्लाउजची बाही, वर दोऱ्याने बांधलेली. पानं तेवढी बाहेर.

हे काय, विचारलं.

"मुळीले उजेड सोसस नही," म्हणाली, कांदा चिरत.

बरोबर आहे. उजेडात पाणी शेवाळतं, मुळ्यांना काळोखच हवा. पण एवढे दिवस बाटली उघडी होती. आणि बाही चढवायची तर बाटली हातात घ्यावी लागते, चारी बाजूंनी फिरवावी लागते. जन्म झाडांत गेलेली बाई. तिने मुळी बघितली. आणि बांधून झाल्यावर बाटली जिथे होती तिथेच ठेवली, मोठं पान पुढे, मी ठेवलं होतं तसं.

कांदा फार तिखट होता.

मग काकांचा पुन्हा फोन. उद्याचं नक्की करायला. त्यांचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता: वहिनी, आता तरी फुटल्या का त्या मुळ्या? आईने फोन जरा लांब धरला, त्यांना ऐकू जाईल असा, आणि मला विचारलं:

"ऋतू, मुळ्या फुटन्यात का वं?"

मी बाटलीकडे बघितलं. काळी बाही, दोरा, तीन पानं.

"दिखतस नही," म्हटलं.

खोटं नाही. दिसत नव्हत्या. पण दुसरंच काहीतरी झालं होतं, ते मला बोलून झाल्यावर कळलं. अहिराणी. हॉस्टेलनंतर पहिल्यांदा. विचार न करता आली, जशी आईच्या तोंडून येते तशी.

आई बाटलीकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. मग फोनमध्ये म्हणाली, "पोर म्हनस, दिखतस नही."

काका हसले. म्हणाले, मी शेतकरी माणूस आहे, उद्या वर येतो आणि मीच बघतो.

फोन ठेवल्यावर दोघी ओट्याशी उभ्या होतो. काकांना कळणार. ते दोरा सोडतील, एका नजरेत कळेल त्यांना. आई हात पुसत म्हणाली, "मी जरा खाले जाईसन येस, ऊन खायाले."

तिला जाऊन दहा मिनिटं झाली. ऊन केव्हाच उतरलंय, खाली पार्किंगचे दिवे लागलेत.

ओट्यावर धुतलेली दुसरी बाटली उपडी ठेवलेली आहे. कात्री जागेवर नाही.